काकपद

सेक्रेटरी मयेकरांच्या मुलानं
दोन्ही करारनामे कॉम्प्युटरला खाऊ घातले,
बटण दाबलं,
आणि बावीसच्या बावीस पानं लालेलाल.
मार्चचा मसुदा जुन्या फाँटमधला, ऑगस्टचा नव्या.
यंत्राच्या लेखी एक अक्षर जुळत नव्हतं.
सगळंच वेगळं दिसलं की
वेगळं काय ते कधीच सापडत नाही.
त्यानं दोन्ही प्रती माझ्या मांडीवर ठेवल्या.
"काका, तुम्ही प्रेसमधले ना?"

होतो. फोर्टात, बझारगेटच्या आतल्या गल्लीत, एकतीस वर्षं.
मूळ प्रत ब्रिजित रॉड्रिग्जकडे, प्रूफ माझ्याकडे.
ती वाचायची, मी बघायचो.
"सदरहू इमारतीतील गाळे स्वल्प जिने स्वल्प
व सामायिक मोरी पूर्ण नवी ओळ"
चढ नाही, उतार नाही.
दीर्घ आला की पेन्सिलीची टेबलावर एक टकटक.
अर्थ कळायला लागला की चूक निसटते,
हा तिचा कायदा.
दुपारी डबा उघडल्यावरच आम्ही
अर्थाचं काही बोलायचो.

आता ती वसईला, भाचीकडे.
डोळ्यांच्या मधोमध काळा ठिपका,
कडेकडेचं तेवढं दिसतं.
फोन लावला. म्हटलं, या खेपेला मी वाचतो, तू ऐक.
आधी मार्च, मग ऑगस्ट, कलमामागून कलम.
खाली घोडपदेवच्या रस्त्यावर
टेम्पो मागं येत होता, टूं टूं करत,
तिकडे तिच्या कुकरची शिट्टी.
कलम चारमध्ये भाडेकरूंचा रू ऱ्हस्व झालेला.
ऐकू कसं गेलं तुला?
"तू घाईनं सोडलास," म्हणाली.

कलम अकरा.
"पर्यायी जागा व ताबा मिळेपर्यंत भाडे पूर्ण"
"पर्यायी जागा किंवा ताबा मिळेपर्यंत भाडे पूर्ण"

"थांब. मघाशी व होता."

एक अक्षर उठून गेलं, दोन येऊन बसली,
आणि त्यांच्या मधल्या फटीत
अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं, गॅस सिलिंडरांसकट.

मला हुरूप आला. म्हटलं, आठवतं,
पाणीपट्टीच्या दरपत्रकात एक शून्य जास्त पडलं होतं,
छपाई थांबवली मी?
"तू नाही. मी.
तू चहाला गेला होतास.
माझ्यासाठी आणलास तो गार झालेला."
मला तर तो शून्यसुद्धा आठवतो,
जरा झिजलेला, डावीकडे कललेला.
तिला कपाची फुटकी कड.
मूळ प्रत मागायची कुणाकडे?
प्रेस विकला, खिळे वितळवले,
मालकाच्या मुलीनं दप्तर रद्दीत घातलं.
आपापली प्रत धरून
दोघं फोनवर गप्प.
मग तीच म्हणाली,
"राहू देत दोन्ही.
यांच्यावर कुठं कुणाची सही व्हायचीय?"

संध्याकाळी गच्चीत मीटिंग.
मी लाल पेन्सिलीनं किंवा खोडला,
ओळीखाली काकपद काढलं,
कावळ्यानं एक पाय टेकून उडून जावं एवढंच,
आणि वर व.
बिल्डरचा माणूस हसला. "टायपिंग मिस्टेक हो."

मिस्टेका मी पाहिल्यात.
चुकून पडलेलं अक्षर
अंग चोरून बसतं, शेजाऱ्याला खेटतं.
हे ऐसपैस बसलं होतं,
त्याच्यासाठी पुढची ओळ सरकवून
समास नीट करून घेतलेला.

रात्री साडेअकराला फोन.
"झोपलास?
सोळाव्या कलमात, पहिल्या वाचनाला,
मालकीच्या आधी कायम म्हणालास
की मलाच तसं वाटतंय?"

चष्मा सापडत नाही.
म्हटलं, धर जरा,
दिवा लावतो.